ड्युरम गव्हाचे जुने आणि नवे वाण: जनुकीय विविधतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्युरम म्हणजे नेमका कोणता गहू?

मराठीत ज्याला बन्सी म्हणतात तोच. दाणा कडक, काचेसारखा आणि पिवळसर असतो. दळल्यावर बारीक पिठापेक्षा रवा जास्त पडतो आणि पास्ता त्याच रव्याचा होतो. जगात पिकणाऱ्या गव्हात ड्युरमचा वाटा साधारण 5 ते 8 टक्के. उरलेला जवळजवळ सगळा पावाचा गहू.

दोघांमधला खरा फरक गुणसूत्रांत आहे. ड्युरमच्या पेशीत 28 गुणसूत्रं असतात, म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन संच. पावाच्या गव्हात 42 असतात, कारण त्याच्याकडे ‘डी’ नावाचा तिसरा संचही आहे. हा तिसरा संच नसल्यामुळे ड्युरमच्या पैदासकारांचे हात अनेक ठिकाणी बांधले जातात. पुढच्या काही उत्तरांत ते दिसेल.

बाजारात ड्युरमचे पुष्कळ वाण आहेत. मग विविधता भरपूर आहे असं समजायचं का?

नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. वीस वाणांची वीस नावं असतील, पण त्या सगळ्यांचे आजे-पणजे तेच चार-पाच असतील, तर जनुकांच्या हिशेबात ते एकाच घरातले. नावांच्या यादीवरून काहीच कळत नाही, वंशावळ पाहावी लागते.

विविधता तीन ठिकाणी शोधायची असते. एखाद्या जनुकाची किती वेगवेगळी रूपं शिल्लक आहेत हे पहिलं ठिकाण. दुसरं म्हणजे एकाच शेतातली रोपं एकमेकांपेक्षा किती निराळी आहेत. आणि तिसरं, एका प्रदेशातला वाण दुसऱ्या प्रदेशातल्या वाणापासून किती दूर आहे. जुने आणि नवे वाण या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे वागतात. म्हणून ‘जुन्यात जास्त, नव्यात कमी’ हे वाक्य ढोबळपणे खरं असलं तरी पुरेसं नाही.

ड्युरम कुठून आला आणि वाटेत काय काय गळालं?

लाखो वर्षांपूर्वी दोन रानगवतांचा आपोआप संकर झाला. एक होतं ट्रिटिकम उरार्तु, त्याच्याकडून ‘ए’ संच आला. दुसरं एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसच्या नात्यातलं, त्याच्याकडून ‘बी’. त्यातून रानटी एमर जन्माला आला. आजही तो पश्चिम आशियाच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवतो. अ‍ॅरन अ‍ॅरनसन या कृषिशास्त्रज्ञाला तो 1906 मध्ये गॅलिलीतल्या रोश पिना इथे सापडला, आणि गव्हाच्या रानटी पूर्वजाचा शोध तिथे ठोस झाला.

साधारण दहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी या गवताची शेती सुरू केली. रानटी एमरची ओंबी पिकली की तुटून दाणे जमिनीवर विखुरतात. झाडाच्या ते सोयीचं, कापणी करणाऱ्याच्या गैरसोयीचं. ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही संचांतलं एकेक जनुक बिघडल्यामुळे ओंबी तुटेनाशी झाली, माणसांनी नेमकी तीच रोपं पुढे पेरली, आणि खपली तयार झाली. खपलीच्या दाण्याला तूस घट्ट चिकटलेलं असतं. पुढच्या आणखी काही बदलांनी तूस सैल झालं, मळणीत दाणा मोकळा पडू लागला, आणि ड्युरम वेगळा झाला.

अशा प्रत्येक वळणावर मूठभर रोपंच पुढे गेली, बाकीची मागे राहिली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रानटी एमरशी तुलना करून ड्युरमने डीएनएच्या पातळीवरची 84 टक्के विविधता गमावल्याचा अंदाज निघाला. पावाच्या गव्हासाठी तोच आकडा 69 टक्के होता. अभ्यास थोड्याच जनुकांवर होता आणि दुसरी जनुकं तपासली तर आकडा थोडा हलेल, पण दिशा बदलणार नाही. महत्त्वाचं म्हणजे या घसरणीची सुरुवात प्रयोगशाळेत किंवा हरितक्रांतीत झाली नाही, पहिल्या कापणीपासूनच झाली.

‘पारंपरिक वाण’ कशाला म्हणायचं?

पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या पिकातून बी राखून जो गहू पेरला तो. कुणी ठरवून त्याची पैदास केलेली नसते. दुष्काळ, थंडी, रोग आणि शेतकऱ्याची निवड यांनी मिळून तो घडवलेला असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गव्हात परागीभवन त्याच फुलात होतं, त्यामुळे प्रत्येक रोप स्वतःपुरतं जवळजवळ शुद्ध असतं. पण पारंपरिक वाणाच्या शेतात अशी अनेक शुद्ध रोपं एकमेकांत मिसळलेली असतात: कुणी उंच, कुणी आठवडाभर आधी पिकणारं, कुणाचं कुसळ काळं, कुणाचं पांढरं. म्हणजे तो एक वाण नसून एक लोकसंख्या असते. आधुनिक वाण याच्या उलट. त्याच्या शेतातलं प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या शेजारच्यासारखंच असतं, आणि बियाण्याचा कायदाही बहुतेक देशांत हा एकसारखेपणाच मागतो.

इटलीचा ‘सेनातोरे काप्पेल्ली’ जुना की नवा?

मधला, आणि म्हणूनच शिकण्यासारखा. इटलीचे पैदासकार नाझारेनो स्ट्रांपेल्ली यांनी उत्तर आफ्रिकेतल्या ‘जेना रेतिफा’ या पारंपरिक लोकसंख्येतून निवड करून तो तयार केला आणि 1923 मध्ये प्रसारित केला. संकर नाही, फक्त निवड. दीड मीटरच्या आसपास उंची, उशिरा पिकणारा, वारा-पावसात लोळणारा, पण दाण्याचा दर्जा उत्तम. पुढची कित्येक दशकं इटलीच्या ड्युरमखालच्या जमिनीवर त्याचंच राज्य होतं.

आज दुकानात त्याचं नाव ‘प्राचीन गहू’ म्हणून घेतलं जातं. मला ते पटत नाही. मूळ लोकसंख्येत शेकडो वंश होते, त्यातला एक उचलून देशभर पेरला गेला. विविधता आवळण्याचं आधुनिक काम नेमकं इथून सुरू झालं. वाण गुणी आहे यात शंका नाही, पण त्याच्या मागे राहून गेलेली जी लोकसंख्या होती तिचा उल्लेख कुणी करत नाही.

बुटक्या वाणांनी काय बदललं?

उंच गव्हाला खत दिलं की तो आणखी उंच होतो आणि लोळतो. जपानच्या ‘नोरिन 10’ या बुटक्या गव्हातली जनुकं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि तिथून मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोचली. त्यातून बुटके गहू निघाले, आणि पुढे ड्युरमही. मेक्सिकोतल्या ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची जोरी 69, कोकोरित 71, मेक्सिकाली 75, यावारोस 79 ही मालिका याच घराण्यातली. इटलीत 1974 मध्ये आलेल्या ‘क्रेसो’च्या एका बाजूला काप्पेल्लीपासून निघालेला उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) वंश आहे आणि दुसऱ्या बाजूला सिमिटचं बुटकं रक्त.

आता ‘डी’ संच आठवा. नोरिन 10 मध्ये बुटकेपणाची दोन महत्त्वाची जनुकं होती, एक ‘बी’ संचात आणि एक ‘डी’ संचात. पावाच्या गव्हाला दोन्हींतून निवड करता आली. ड्युरमकडे ‘डी’ संचच नाही, म्हणून जगातले बहुतेक बुटके ड्युरम वाण ‘आरएचटी-बी1बी’ या एकाच जनुकरूपावर उभे आहेत. ते गुणसूत्र 4बी वर बसतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा डीएनएचा तुकडाही त्याच्याबरोबर सगळीकडे गेला. या जनुकाने जमिनीतून वर येणारा कोंबही आखूड होतो, त्यामुळे कोरड्या जमिनीत ओलीपर्यंत खोल पेरणी केली की उगवण अडते. उत्पादन वाढलं ते मुख्यतः काडीत जाणारं बळ दाण्यात वळल्यामुळे आणि दर चौरस मीटरमागे दाण्यांची संख्या वाढल्यामुळे. हा फायदा खरा आहे आणि त्याने कोट्यवधी माणसं जेवली. तो नाकारून जुन्या वाणांची बाजू घेणं मला अन्यायाचं वाटतं.

मग आधुनिक वाणांत विविधता कमी झाली हे खरं की खोटं?

कोणत्या दोन टोकांची तुलना करता त्यावर उत्तर ठरतं.

पारंपरिक लोकसंख्या आणि 1970 नंतरचे वाण शेजारी ठेवले तर घट स्पष्ट आहे. अनेक ठिकाणी जनुकांची दुर्मीळ रूपं आधुनिक वाणांत सापडतच नाहीत. शेतातली विविधता तर जवळपास शून्यावर आली, कारण लोकसंख्येच्या जागी एकच शुद्ध वंश आला.

पण फक्त पैदास केलेल्या वाणांचीच एकमेकांशी, दशकामागून दशक अशी तुलना केली तर चित्र वेगळं दिसतं. इटालियन संशोधकांनी 2003 मध्ये डीएनए-खुणा वापरून दाखवलं की निवडक ड्युरम वाणांचा जनुकीय पाया नंतरच्या काळात हळूहळू रुंदावत गेला. कारण सरळ आहे. आधीचे पैदासकार आपल्याच प्रदेशातले दोन-चार वाण वापरत. पुढे मेक्सिको, सीरिया, उत्तर अमेरिका आणि भूमध्य प्रदेशातलं साहित्य एकमेकांत मिसळू लागलं. म्हणजे आधी मोठी घसरण, मग लहानसा चढ. चढ झाला म्हणून घसरण भरून निघाली असं मात्र नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: घट सगळ्या गुणसूत्रांवर सारखी पसरलेली नाही. ज्या ठिकाणी पैदासकारांनी जोर लावला तिथे ती खोल आहे: ओंबी न तुटणं, उंची, फुलोऱ्याची वेळ, रव्याचा पिवळा रंग, ग्लुटेनची (कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांची) ताकद. अशा जागांवर जवळजवळ सगळे आधुनिक वाण सारखे दिसतात. दोन ठिकाणांच्या मधल्या भागात मात्र बरीच विविधता टिकून असते. पण डीएनएचा एखादा तुकडा ज्या जनुकासाठी उचलला, त्या जनुकाच्या शेजारी काय होतं हे निवड करताना कुणाला माहीत नसतं. त्या शेजाऱ्यांतली चांगली रूपंही कायमची सुटतात, आणि वाईट रूपं गुपचूप सगळीकडे जातात.

वाईट रूपं गुपचूप गेली याचं एखादं उदाहरण?

कॅडमियमचं. हा विषारी धातू काही जमिनींत असतो, आणि ड्युरमच्या दाण्यात तो पावाच्या गव्हापेक्षा जास्त साठतो हे जुनं निरीक्षण आहे. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने ‘स्वेवो’ या इटालियन ड्युरम वाणाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, प्रसिद्ध केला, सुमारे 10.45 अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या तिपटीहून मोठा. त्याच कामात उलगडा झाला. गुणसूत्र 5बी वरचं एक जनुक कॅडमियमला मुळांच्या पेशींतच कोंडून ठेवतं. ड्युरममध्ये त्याचं बिघडलेलं रूप सर्वदूर पसरलेलं आहे. रानटी एमरमध्ये ते बिघडलेलं रूप आढळलं नाही. म्हणजे माणसाच्या हाती आल्यानंतर कधीतरी ते घुसलं आणि कुणाच्या लक्षात न येता पसरलं. चांगलं रूप काही वाणांत शिल्लक असल्यामुळेच कॅनडात ‘स्ट्राँगफील्ड’सारखे कमी कॅडमियमचे वाण करता आले.

एकसारखेपणाचा शेतकऱ्याला थेट तोटा काय?

रोग. वायव्य मेक्सिकोत ‘आल्टार 84’ हा ड्युरम वाण वर्षानुवर्षं पानांवरच्या तांबेऱ्याला दाद देत नव्हता. 2001 मध्ये तांबेऱ्याची नवी जात आली आणि तिने ती प्रतिकारशक्ती मोडली. सिमिटच्या बहुसंख्य ड्युरम वाणांनाही ती जात लागली, कारण सगळ्यांची ढाल सारखीच होती. 2016 मध्ये सिसिलीत खोडावरच्या तांबेऱ्याची साथ आली आणि हजारो हेक्टरवरच्या ड्युरमला तिचा फटका बसला. युरोपात हा रोग जवळपास संपला असं मानलं जात होतं.

रोपारोपांत फरक असलेल्या शेतात बुरशीला प्रत्येक रोपाशी नव्याने झुंजावं लागतं, म्हणून रोग पसरायला वेळ लागतो. रोग येतच नाही असं नव्हे. जुनी शेतंही तांबेऱ्याने उद्ध्वस्त झालेली आहेत.

ओंबीवर येणाऱ्या फ्युजेरियम करप्याबाबत ड्युरम आणखी हतबल आहे. पावाच्या गव्हात ‘सुमाई 3’ या चिनी वाणाने मजबूत प्रतिकार दिला. ड्युरमच्या स्वतःच्या साठ्यात तितकं बळकट काही सापडत नाही, म्हणून पावाच्या गव्हातून आणि रानटी नातेवाइकांतून जनुकं उसनी आणावी लागतात.

जुन्या वाणांनी आणि रानटी गव्हाने आजवर प्रत्यक्ष काय दिलं?

पुष्कळ. रानटी एमरमधलं ‘जीपीसी-बी1’ घ्या. या जनुकामुळे पानं लवकर पिकतात आणि त्यांतलं नत्र, लोह, जस्त दाण्याकडे वळतं. 2006 मध्ये ते वेगळं काढलं तेव्हा कळलं की ड्युरमच्या वाणांत त्याचं चालू रूप नव्हतंच, निकामी रूप होतं. त्याच भागात पिवळ्या तांबेऱ्याला रोखणारं एक जनुकही आहे. फुकट मात्र काही मिळत नाही. पानं लवकर पिकल्याने काही हवामानांत दाणा बारीक राहतो, त्यामुळे हे जनुक सगळीकडे सरसकट वापरता येत नाही.

युगांडात 1998 मध्ये खोडावरच्या तांबेऱ्याची ‘यूजी99’ ही भयंकर जात आढळली. तिच्याविरुद्ध ड्युरमला उपयोगी पडणारं ‘एसआर13’ हे जनुक इथिओपियाच्या पारंपरिक गव्हात आणि खपलीत मिळालं. सीरियाचा ‘हौरानी’ हा कोरडवाहू पारंपरिक वाण आणि मेक्सिकोचा जोरी यांच्या संकरातून ‘ओमराबी’ निघाला: दुष्काळात तग धरण्याची ताकद एका पालकाची, उत्पादन दुसऱ्याचं. अगदी अलीकडे मोरोक्कोत ‘जबल’ नावाचा दुष्काळात टिकणारा वाण आला, त्याच्या वंशात एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस हे रानगवत आहे. ज्या गवताच्या कुळातून ड्युरमचा ‘बी’ संच आला, तिथेच पुन्हा जाऊन हात पसरावा लागला.

इथिओपियाचं नाव सारखं का घेतलं जातं?

कारण तिथला ड्युरम बाकी जगापेक्षा निराळा आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह 1927 मध्ये तिथे गेले तेव्हा जांभळ्या दाण्याचा गहू, बिनकुसळी ड्युरम, एकाच शेतात नाना रूपं असा खजिना त्यांना दिसला. डीएनएच्या खुणांनीही पुढे तेच सांगितलं: इथिओपियाचे वाण भूमध्य प्रदेशातल्या वाणांपासून स्पष्टपणे वेगळे पडतात. ते इतके वेगळे आहेत की काही संशोधकांनी तिथे ड्युरमची स्वतंत्र घडण झाली असावी असं सुचवलं आहे. ही शक्यता आहे, सिद्धांत नव्हे.

तिथलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. संशोधकांनी जनुक बँकेतले, म्हणजे बियाण्यांच्या नमुन्यांच्या साठ्यातले, शेकडो पारंपरिक वाण शेतात लावले आणि स्थानिक शेतकरी स्त्री-पुरुषांना गुण द्यायला बोलावलं. त्यांची निवड आणि डीएनएची माहिती एकत्र मांडली. काही पारंपरिक वाण त्या भागात आधुनिक वाणांच्या तोडीस तोड, काही त्याहून सरस ठरले. त्यातले दोन पुढे अधिकृतपणे प्रसारितही झाले.

जुन्या ड्युरममध्ये ग्लुटेन कमी असतं का?

नाही. अनेक जुन्या वाणांत प्रथिनं आधुनिक वाणांपेक्षा जास्तच असतात. बदललं ते ग्लुटेनचं प्रमाण नव्हे, त्याची ताकद. सेलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) असणाऱ्याला जुना, नवा, खपली, कुठलाही गहू चालत नाही.

‘क्रेसो’ किरणांनी बनवला म्हणजे धोकादायक का? आणि जीएम (प्रयोगशाळेत जनुकीय बदल केलेला) ड्युरम असतो का?

क्रेसोच्या एका पूर्वजावर क्ष-किरणांनी उत्परिवर्तन घडवलं होतं. त्या किरणांचा अंशही आजच्या दाण्यात नाही, फक्त बदललेलं जनुक वारशाने आलं. जीएम ड्युरम कुठेही व्यापारी लागवडीत नाही.

विविधता मोजतात कशी?

पूर्वी उंची, कुसळ, दाण्याचा रंग आणि प्रथिनांचे पट्टे पाहत. मग डीएनएच्या छोट्या पुनरावृत्ती मोजू लागले. आता एका चिपवर हजारो ठिकाणी एका अक्षराचा फरक तपासतात. गव्हासाठी केलेल्या एका प्रसिद्ध चिपवर 81,587 ठिकाणं आहेत. स्वेवोचा जीनोम आल्यापासून प्रत्येक फरक नेमक्या गुणसूत्रावर बसवता येतो, आणि 1,856 नमुन्यांचा जागतिक संग्रह त्याच कामात तपासला गेला.

एक सावधगिरी हवी. चिप बनवताना जे वाण वापरले, त्यांतलेच फरक चिपला दिसतात. ती बहुतांशी आधुनिक वाणांवरून बनली असेल तर पारंपरिक वाणांची विविधता मुळात आहे त्याहून कमी मोजली जाते. असे आकडे वाचताना पद्धत आधी पाहावी.

बी जनुक बँकेत ठेवलं की काम झालं ना?

अर्धं झालं. बँका अनमोल आहेत. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात वाविलोव्ह यांच्या संस्थेतले कर्मचारी उपाशी मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. वाविलोव्ह स्वतः 1943 मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात वारले. सीरियात अलेप्पोजवळच्या ‘इकार्डा’ संस्थेत ड्युरमचा आणि त्याच्या रानटी नातेवाइकांचा फार मोठा संग्रह होता. युद्धात तिथलं काम अशक्य झालं. पण बहुतेक नमुन्यांच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाणं-तिजोरीत आधीच पोचल्या होत्या. 2015 मध्ये त्या तिजोरीतून पहिल्यांदा बी परत काढलं गेलं ते इकार्डासाठी, आणि लेबनॉन व मोरोक्कोत संग्रह पुन्हा उभा राहिला.

तरी थंड कपाटात बी बदलत नाही आणि बाहेर हवामान बदलत राहतं, रोग बदलत राहतात. शेतात पेरली जाणारी लोकसंख्या दरवर्षी त्यांच्याशी जुळवून घेते, बँकेतली पुडी घेत नाही. शिवाय बियाण्याची उगवणशक्ती टिकवायला ते अधूनमधून लावावं लागतं, आणि दर वेळी थोडीच रोपं घेतली तर दुर्मीळ रूपं नकळत गळतात. बँक आणि शेत, दोन्ही लागतात.

मग सगळ्यांनी जुनेच वाण पेरावेत का?

मी तसं सांगणार नाही. भरपूर खत-पाणी असलेल्या जमिनीत जुना उंच गहू लोळेल आणि नुकसान शेतकऱ्याचं होईल. हलक्या जमिनीत, कमी खतात, अनियमित पावसात मात्र तो अनेकदा आपली जागा राखतो. तिथे तो पेरता यावा, विकता यावा यासाठी कायद्यात वाट हवी. युरोपीय संघाने 2008 च्या निर्देशात स्थानिक वाणांसाठी वेगळी नोंदणी आणली आणि 2014 मध्ये एकसारख्या नसलेल्या मिश्र लोकसंख्यांच्या बियाण्यालाही प्रायोगिक परवानगी दिली. गव्हाचा त्यात समावेश होता.

पैदासकारांकडून अपेक्षा वेगळी आहे. दरवर्षी उत्कृष्ट वाणाचा उत्कृष्ट वाणाशी संकर करणं सोपं आणि फळ लवकर देणारं असतं. पारंपरिक वाणाशी संकर केला की उंची आणि लोळणं परत येतं, ते काढायला आणखी कित्येक पिढ्या लागतात. त्या वाढीव वर्षांचा खर्च कुणीतरी उचलायला हवा. तो सार्वजनिक पैशाने उचलला जावा असं माझं ठाम मत आहे, कारण लाभ एका कंपनीचा नसतो.

जनुक बँकेतून बियाणं मागवता येतं का?

येतं. 2004 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा कराराच्या यादीत गहू आहे. संशोधन, पैदास आणि प्रशिक्षणासाठी प्रमाणित करारपत्रावर सही करून नमुने मिळतात. ‘जेनेसिस’ या संकेतस्थळावर अनेक बँकांचे नमुने एकत्र शोधता येतात. एका नमुन्याचे मोजके दाणेच येतात, म्हणून पहिल्या हंगामात पीक घेण्याचा विचार न करता फक्त बी वाढवावं. आलेले सगळे दाणे लावावेत आणि वेगळी दिसणारी रोपं ‘भेसळ’ समजून उपटू नयेत. नमुन्याचा क्रमांक लिहून ठेवावा. क्रमांक हरवला तर मूळ गाव, गोळा केल्याचं साल आणि आधीच्या चाचण्या यांच्याशी त्या बियाण्याचा संबंध तुटतो.